कमळाच्या कपाळावरचं पाणी

कोसमटोला, ८ ऑगस्ट १९५४, रविवार

ही वही तर्कशास्त्राची. पहिल्या अकरा पानांवर प्रोफेसरांनी सांगितलेली वाक्यं आहेत, सर्व माणसे मर्त्य आहेत वगैरे. फाडत नाही. पुढे कोरी पानं भरपूर आहेत.

कॉलेज सोडून पाच आठवडे झाले. घरी कारण सांगितलं ते असं : होस्टेलात एकजण मला ‘पायलीभर तांदळाला बाटलेला’ म्हणाला आणि मी त्याच्या डोक्यात शाईची दौत घातली. खोटं नाही ते. पण दौत घातली नसती तरी मी आलोच असतो. नागपुरात डोळे मिटले की तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, डोक्यावर टोपली घेऊन येणारी कमळा दिसायची, आणि उघडले की तर्कशास्त्र.

वडील पायाची जखम चिघळल्यामुळे नागपूरला दवाखान्यात आहेत. ते इथल्या मिशनचे प्रचारक. फादर महिन्यातून एकदा चांद्याहून येतात, मिस्साची उपासना करतात, जातात. मधल्या दिवसांची प्रार्थना, धर्मशिक्षण, शाळा हे सगळं वडिलांचं होतं. ते आता माझ्याकडे आलं आहे. वीस वर्षांच्या मला म्हातारे लोक ‘मास्तर’ म्हणतात, आणि मला ते आवडतं हेही लिहून ठेवतो.

आज प्रार्थनेनंतर पाऊस, म्हणून सगळे देवळाच्या पडवीत अडकले. लटारू कमळाचा बाप, तलावावरचा धिवर. वर्षभर बायको-पोरीसह शिकतो आहे, तिघांचा बाप्तिस्मा नाताळला ठरला आहे. त्याने विचारलं, “स्वर्गाच्या दाराची चावी त्या पेत्राकडं हाये न जी? आन् तो मासोळ्या धरे न?”

“हो.”

“मंग झालं. आमच्या जातीचा मानूस दारावर बसला हाये. आमाले कोन अडवते?”

“तोच अडवन,” गुणाबाई म्हणाली. ती देवळाची घंटा वाजवते, फादर आले की स्वयंपाक करते, आणि लहानपणी नागपूरच्या अनाथाश्रमात मदरांच्या हाताखाली वाढल्यामुळे स्वर्गाची सगळी माहिती स्वतःकडे आहे असं मानते. “तो पयले इचारन, बाजारात काल सडेल मासोळी कोनाले देल्ली?”

बैलबंडी हाकणाऱ्या इस्तारीला दुसरीच काळजी. “तिथी मोहाची भेटते का नाई, तेवढं सांगा.”

“तिथी रातदिस गानं चालते,” गुणाबाई म्हणाली.

“रातदिस? मंग मानूस झोपते कधी?”

मग गुणाबाईने अनाथाश्रमातलं सांगितलं. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सातला प्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या, आधी मदरांनी बजावलं होतं, प्रसादाला दात लागला तर रक्त निघतं. हिचा लागला. आठ दिवस ही तोंड उघडेना. ताप समजून मदरांनी एरंडेल पाजलं. हे सांगताना म्हातारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो, पण मलाही तेच सांगितलं होतं, आणि मी आजही जीभ वर चिकटवूनच प्रसाद घेतो.

शेवटी इस्तारीची जुनी गोष्ट निघालीच. तरुणपणी त्याच्या मनात एक मुलगी होती. तिचा बाप्तिस्मा ठरला आणि त्या वेळच्या फादरांनी यालाच धर्मबाप म्हणून उभं केलं. याने फुशारकीने मेणबत्ती धरली. महिन्याने मागणी घालायला गेला तर फादर म्हणाले, धर्मबापाचं लेकीशी लग्न लागत नाही. बाप्तिस्मा देणाऱ्याचंही नाही. पाण्याचं नातं रक्तासारखंच. “म्या तं मेनबत्तीच धरली होती जी,” इस्तारी म्हणाला, “हात बी भाजला आन् बायको बी गेली.”

कमळा दाराशी उभी राहून हसत होती. तिच्या दातांच्या मध्ये किंचित फट आहे.


२९ ऑगस्ट, रविवार

कमळाला विश्वासांगीकाराची प्रार्थना पाठ झाली. ‘मृतांचे पुनरुत्थान’ इथे अडखळते आणि माझ्याकडे पाहते. मी ओठ हलवतो, ती पुढे जाते. नाताळनंतर लटारूशी लग्नाचं बोलणार. वडिलांना पत्रही लिहून ठेवलं आहे, टाकायचं बाकी आहे.


११ सप्टेंबर, शनिवार

कमळाला चार दिवस ताप. आज बडबडते आहे. नाला दोन पुरुष चढला. पलीकडे माणूस पाठवणं शक्य नाही.


१४ सप्टेंबर, मंगळवार

काल जे झालं ते आज लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

दुपारी गुणाबाई भिजत आली. “मास्तर, चला. पोट्टी चालली.” झोपडीत कमळा डोळे अर्धे उघडे ठेवून पडली होती, हात निपचित, श्वास मोजून घ्यावा असा. तिची आई भागीरथा पायाशी डोकं ठेवून रडत होती. लटारू बाहेर पावसात नाल्याकडे तोंड करून उभा होता.

गुणाबाई म्हणाली, “फादर येत नाईत आता. पानी टाका.”

मरणाच्या दारात कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. दोन ओळींचं काम आहे. वडिलांनी मला सातव्या वर्षी बाहुल्याच्या डोक्यावर शिकवलं होतं. मी पितळी लोटा घेतला. गुणाबाई मेणबत्ती आणायला देवळाकडे धावली.

मी पाणी ओतायला लागलो. बाप्तिस्म्यासाठी तिचं मारिया हे नाव ठरलं होतं. म्हणालो, “मारिया, पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.” पाणी कपाळावरून कानामागे गेलं आणि खाली ठेवलेल्या परातीत पडलं. टप. टप. पुढे चार शब्द होते : मी तुझा बाप्तिस्मा करतो.

ते मी बोललो नाही.

विसरलो नाही. खोकला आला नाही. इस्तारीची मेणबत्ती डोळ्यांसमोर आली. वाटलं, ही वाचली तर? वाचली तर मी हिचा बाप. लोट्यातलं पाणी संपेपर्यंत मी तोंड मिटून उभा होतो. भागीरथा हुंदके देत होती, तिला काय कळणार. गुणाबाई मेणबत्ती घेऊन आली, तोपर्यंत परात भरली होती. तिने क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, “आता सरळ जाईन पोर. मधी थांबा नाई लागत.”

मागाहून सुचलं की गुणाबाईलाच पाणी टाकायला सांगता आलं असतं. मी मेणबत्ती आणायला गेलो असतो तर सगळंच नीट झालं असतं. सुचलं ते सगळं आटोपल्यावर.

आज सकाळी ताप उतरला. तिने पाणी मागितलं.


२६ सप्टेंबर, रविवार

कमळा पडवीत येऊन बसली. काडी झाली आहे. सगळ्यांना हर्ष. इस्तारीने माझ्या पाठीवर थाप मारली. “या मास्तर, आपन दोघं येका बंडीचे बैल. वीस वर्साचा बाप, अठरा वर्साची लेक.”

“लेकीले पाह्यला आला का बाप?” गुणाबाई म्हणाली.

मी चिडलो. म्हटलं, थट्टेलाही सीमा असते. माझा आवाज चढला तसे सगळे आणखी हसले. कमळा हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, विश्वासांगीकार अडखळल्यावर पाहते तशी.

मग ती आपणहून सांगायला लागली. “तापात मी पाळीवर गेल्ती. तिथी येक मानूस जाळं शिवून राह्यला होता. त्याच्या मांगं लय उजेड. म्या म्हटलं, मले जाऊ द्या. तो म्हने, तुझं काम अर्धं हाये. अर्ध्या मानसाले आत घेत नाई. जाय घरी.”

“पेत्रच तो,” लटारू म्हणाला. “म्हटलं नवतं म्या, आपल्या जातीचा हाये. वळखीनं परत धाडलं त्यानं.”

“पन अर्धं कायचं?” भागीरथाने विचारलं.

“शिकनं अर्धं राह्यलं असन,” कमळा म्हणाली, आणि शेंगा फोडत बसली.

घरी आल्यावर दार लावून बसलो. टप. टप. छप्पर कुठेही गळत नाही, मी शिडी लावून पाहिलं.


३ ऑक्टोबर, रविवार

फादर आले. नोंदवहीत लिहिलं : मारिया, लटारूची मुलगी, मरणसंकटात बाप्तिस्मा, देणारा इग्नास मास्तर. मला विचारलं, “शब्द सर्व बरोबर बोलला ना?” मी म्हटलं, हो. फादर शाई टिपत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

कमळाची पहिली कम्युनियन आज व्हायची होती. पण तिने सकाळी पेज पिऊन टाकली. उपास मोडला, आता महिनाभर थांबा. गुणाबाई चांगलीच बोलली तिला. “येवढं शिकवलं तुले, मिस्साच्या पयले पानी बी नाई घ्यावं.” कमळा म्हणाली, भूक लागली होती.

आजारातून उठलेलं माणूस. वेंधळीच आहे.


१७ ऑक्टोबर, रविवार

आवाज थांबत नाही. शाळेत पाढे म्हणताना, दोन अंकांच्या मधल्या जागेत पडतो. प्रार्थनेत ‘पवित्र आत्म्याच्या नावाने’ म्हटलं की माझं तोंड मिटतं आणि ‘आमेन’ लोकच म्हणून टाकतात.

आज भर दुपारी तलावावर गेलो. उन्हाने पाणी पांढरं. पाळीच्या टोकाला लटारू पाठमोरा बसून जाळं शिवत होता. ठरवलं, याला तरी सांगून टाकू. हाक मारली. त्याने मागे न पाहता हात वर केला, थांब म्हणावं तसा. मी थांबलो. किती वेळ ते सांगता येत नाही. सावली पायाखालून सरकली. मग मान वळवून गावाकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं तर पाळ रिकामी.

लटारूच्या घरी गेलो. भागीरथा म्हणाली, ते तं सकाळपासून चामोर्शीले गेले, इस्तारीभाऊच्या बंडीत.

जाळं तिच्या दारातच वाळत होतं. कोरडं ठणठणीत.


२ नोव्हेंबर, मंगळवार

मृतांचा दिवस. फादर काल संध्याकाळीच आले.

आजच्या दिवशी देवळात जाऊन सहा आमच्या बापा, सहा नमो मरिये आणि सहा त्रित्वाची स्तुती अशा प्रार्थना म्हटल्या की शुद्धिस्थळात, म्हणजे स्वर्गाआधी पापं फेडायच्या जागी, अडकलेला एक आत्मा सुटतो. बाहेर येऊन पुन्हा आत गेलं की दुसरा. त्यामुळे सकाळपासून देवळाच्या दारात नुसती ये-जा. गुणाबाईने अनाथाश्रमातल्या सगळ्या मदर सोडवल्या. एरंडेलवाली शेवटी ठेवली होती. “राहू दे थोडी आनखी, असं मनात आलं होतं. पन सोडली.”

इस्तारी बाहेर येऊन धापा टाकत म्हणाला, “माझा बैल मेला होता न लंगडा, त्याच्यासाठी गेलं तं चालते का?”

“बैलाले पाप नसते, बाप्पा.”

“मंग तो वरच असन. बंडी ओढाले भेटन मले.”

फादरही हसले. मी घंटेच्या खांबाशी उभा होतो. आधी पापनिवेदन केल्याशिवाय त्या प्रार्थनांचा काही उपयोग नसतो, आणि मी दोन महिने पापनिवेदन केलेलं नाही. लोक आत जात होते, बाहेर येत होते, प्रत्येक जण कुणाला तरी सोडवून हलका होत होता. मला वाटलं, दारातून आत जाणाऱ्या माणसांपेक्षा जास्त माणसं बाहेर येत आहेत.

कमळाही आत गेली नाही. आज पुन्हा तिने पेज प्यायली म्हणे. पायरीच्या खाली बसली होती. मी म्हटलं, “तू का नाही जात?”

“तुमी काऊन नाई जात?”

मी दाराकडे पाहिलं. ती म्हणाली, “बसा मंग. अर्धे लोक बाहीरच बसतेत.”

दुपारी ती फादरांशी चिंचेखाली बराच वेळ बोलत होती. शिकवण विचारत असेल.


२२ नोव्हेंबर, सोमवार. चांदा

चालत आणि होडीने आलो, दोन दिवस लागले. काय बोलायचं ते वाटभर घोकलं होतं : शब्द बोललो नाही, मुद्दाम बोललो नाही, तिच्याशी लग्न करायचं होतं म्हणून. ती मेली असती तर तशीच मेली असती. इतकं सरळ फादरांना सांगून टाकलं. गुडघे टेकायचेही राहिले.

फादर ज्या देशाचे आहेत तिकडे बहुतेक घाई नसते. त्यांनी चष्मा पुसला. “मला ठाऊक आहे,” म्हणाले. “कमळाने सांगितले. मृतांच्या दिवशी.”

“काय सांगितलं?” मी विचारलं.

“ती म्हणाली, मास्तरच्या तोंडून पुरे झाले नाही, मी ऐकत होते. तो भ्याला होता, त्याला बोलू नका. म्हणून मी बोललो नाही. तू येशील असे वाटले.”

म्हणजे ती पेज. दोन्ही वेळा. बाप्तिस्मा न झालेल्या तोंडाने प्रसाद घ्यायचा नाही आणि मला उघडंही पाडायचं नाही, म्हणून ती सगळ्यांची बोलणी खात पेज पीत बसली. आणि मी वहीत वेंधळी लिहिलं. मागचं पान काढून पाहिलं, तसंच लिहिलं आहे.

“आणखी एक,” फादर म्हणाले. “पाण्याच्या नात्यावर परवानगी मिळते. बिशपस्वामींना एक पत्र लिहायचे. ते सही करतात. पंधरा दिवस लागतात.”

“इस्तारीला कुणी सांगितलं नाही?”

“इस्तारीने विचारले नाही. तूही विचारले नाहीस.”

एक पत्र. पोस्टाने जाणारं. त्याच्या ऐवजी मी तिला अर्ध्यात ठेवलं.

तिचा बाप्तिस्मा आठ डिसेंबरला ठरला आहे, मरियेच्या वर्षाचा शेवटचा दिवस. आईबापाचा आधी ठरल्याप्रमाणे नाताळला. “धर्मपिता म्हणून तिने नाव दिले आहे,” फादर म्हणाले. “तुझे. तू नाकारू शकतोस. नाकारलेस तर कोणते नातेही नाही आणि कोणत्या पत्राची गरजही नाही. घरी जा, तिच्याशी बोल.”

मग त्यांनी माझं पापनिवेदन ऐकलं. प्रायश्चित्त म्हणून एकच प्रार्थना दिली, लहान मुलांना देतात ती.


२८ नोव्हेंबर, रविवार

कमळा पाळीवर जाळ्यातलं शेवाळ काढत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. घोकलेलं सगळं गेलं.

“माझं नाव का दिलंस?”

“दुसरं कोनाचं देऊ?”

“मी धर्मबाप झालो तर तुला ठाऊक आहे काय होतं ते.”

“मालूम हाये. इस्तारीभाऊची गोष्ट मीबी आयकली.”

“मी नाही म्हणतो. मला तू लेक म्हणून नको आहेस, कमळा. हे सगळं मी कशासाठी केलं?” माझा आवाज चढला. पाण्यावरून बगळा उडाला.

ती शेवाळ काढत राहिली. “मी मरून राह्यली होती मास्तर, आन् तुमी लग्नाचं पाहून राह्यले होते. मले समदं आयकू येत होतं. हात नवता हालत, पन आयकू येत होतं. म्या वाट पाह्यली, आता बोलन, आता बोलन. पानीच पडे निरं.”

मी खाली बसलो.

“तुमी वाईट नाई,” ती म्हणाली. “पन बापाचं चुकलं तं पोरगी सोडून देते. नवऱ्याचं चुकलं तं रोज जेवाले वाढा लागते त्याले.”

मी जाळ्याचं दुसरं टोक हातात घेतलं. मग मी विचारलं, “तो माणूस इथे बसला होता का? तापातला?”

तिने पाळीच्या टोकाकडे बोट केलं. नेमकी तीच जागा.

“मीही पाहिला,” मी म्हटलं.

तिने पहिल्यांदा हात थांबवले. “तुमाले काय म्हने?”

“काही नाही. हात वर केला. थांब म्हणून.”

“मंग थांबा,” कमळा म्हणाली.


८ डिसेंबर, बुधवार

मी नाही म्हटलं नाही.

देवळात झेंडूच्या माळा. नोंदवहीत सप्टेंबरची ओळ फादरांनी लाल शाईने खोडली होती. तिच्याखाली नवी ओळ, तिच्यातही माझं नाव, दुसऱ्या रकान्यात. लोकांना फादरांनी इतकंच सांगितलं की घाईच्या बाप्तिस्म्यात कमी राहिली होती ती पुरी करायची आहे. कुणी काही विचारलं नाही. गुणाबाईने मात्र एकदा माझ्याकडे पाहिलं, मेणबत्ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “या वेळी मी कुठी जात नाई.”

मी उजवा हात कमळाच्या खांद्यावर ठेवला. तसा नियम आहे. तिला पहिल्यांदा हात लावला तो असा. फादर लॅटिनमधून बोलले, पाणी तीनदा ओतलं आणि वाक्य पुरं केलं. एवढंच होतं ते. लोट्यातलं पाणी संपायलाही वेळ लागला नाही. मेण माझ्या बोटांवर ओघळलं. मी हात हलवला नाही.

नंतर पडवीत पेज वाढली. इस्तारी माझ्याशेजारी येऊन बसला, बोट पाहिलं. “भाजलं?”

“भाजलं.”

“लागते,” तो म्हणाला. ‘येका बंडीचे बैल’ ही थट्टा काही काढली नाही त्याने.

कमळा वाटी घेऊन आली. ओल्या केसांतून पाणी खांद्यावर गळत होतं, माझ्या हाताची जागा होती तिथे. वाटी माझ्यापुढे ठेवली.

“घ्या, बाबा.”

या वेळी कुणी हसलं नाही. मी घेतली.

आता घरी आलो आहे. वडिलांना लिहिलेलं पत्र चुलीत घातलं. ही वही पुढे ठेवून कान देऊन बसलो आहे. काही पडत नाही. छपरात नाही, शाळेत नाही, दोन शब्दांच्या मध्ये नाही. इतके दिवस त्या आवाजाला भ्यालो. आज तासभर झाला, तो एकदा तरी येईल म्हणून ऐकतो आहे.